नंबर कुणाचा?

नळावर नंबर, दवाखान्यात नंबर, गिरणीत दळणाचा नंबर, रेशनला नंबर. डोळ्यांना नंबर, चपलेला नंबर, बांगडीला नंबर. जेवण झकास झालं तर 'एक नंबर' आणि शेजाऱ्यांच्या नव्या बंगल्याला पैसा कुठून आला याची शंका असेल तर हळू आवाजात 'दोन नंबर'! मैत्रिणींनो, सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत हा एक इंग्रजी शब्द आपण किती वेळा उच्चारतो, कधी मोजलंय? मी एक दिवस मोजायला घेतलं आणि दुपारच्या चहापर्यंतच हात टेकले.

आमच्या बोर्लीत तर गावाच्या नावातच नंबर आहे. रायगड जिल्ह्यात बोर्ली दोन. एक मुरूड तालुक्यातली आणि दुसरी आमची, श्रीवर्धन तालुक्यातली. पाहुण्याने घोटाळा करून भलत्याच एसटीत बसू नये म्हणून आम्ही 'पंचतन' जोडून सांगतो. त्यातला पंच म्हणजे पाच, हे कुणीही सांगेल.

आता या शब्दाचं मूळ घराणं बघू. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांनी लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'न्यूमेरस'. आपण कागदावर क्रमांक लिहिताना इंग्रजीत 'एन' आणि 'ओ' लिहितो ना, तेव्हा मला शाळेत असल्यापासून प्रश्न पडायचा, की या 'नंबर'च्या स्पेलिंगमध्ये 'ओ' आहेच कुठे? तो आहे लॅटिनचा. 'न्यूमेरो' म्हणजे 'क्रमांकाने', त्याचं ते पहिलं आणि शेवटचं अक्षर. शब्द इंग्रजीत येऊन किती शतकं झाली, पण माहेरचं एक अक्षर अजून मिरवतोय.

इंग्रजीत याचे अर्थ तरी किती! व्याकरणात नंबर म्हणजे वचन, एकवचन आणि अनेकवचन. 'अ नंबर ऑफ विमेन' म्हटलं तर पुष्कळ बायका, आणि क्रियापद अनेकवचनी. 'द नंबर ऑफ विमेन' म्हटलं तर बायकांची संख्या, आणि क्रियापद लगेच एकवचनी. एका छोट्या शब्दाने सगळ्या बायका एक होतात, हे मात्र इंग्रजीतच जमतं. कार्यक्रमातलं गाणं म्हणजेही नंबर, त्यावरूनच सिनेमातला 'आयटम नंबर' आला. मासिकाचा जुना अंक म्हणजे 'बॅक नंबर'. आपल्या हुद्द्याचा समोरच्या पक्षातला माणूस म्हणजे 'ऑपोझिट नंबर'. एखाद्याचे दिवस भरत आले तर त्याचे दिवस 'नंबर्ड' झाले. आणि हीच अक्षरं, हेच स्पेलिंग, पण उच्चार 'नमर' केला तर अर्थ जास्त बधिर! दाताच्या डॉक्टरने दुसरं इंजेक्शन दिल्यावर गालाचं होतं ते.

आपल्याकडे या कामांना वेगवेगळी माणसं नेमलेली. मोजायचं तर संख्या, लिहायचा तो अंक, ओळीत बसवायचा तो क्रमांक, व्याकरणात वचन. शिवाय आकडा आहेच, त्याच्या तर तऱ्हाच निराळ्या. हिशेबाचा आकडा, मटक्याचा आकडा आणि विजेच्या तारेवर टाकायचा तो चोरटा आकडा. दोघींचं पटत नसेल तर छत्तीसचा आकडा. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून तो आला. आजकालच्या मुलांना इंग्रजी आकडे लिहायची सवय, त्यांना ती पाठ दिसतच नाही, मग ती म्हण तरी कशी कळावी? आणि वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशीच म्हणून टाकलं. इतकं नेमकं नाव दुसऱ्या कुठल्या वस्तूला नसेल. (माझी ठरल्या वेळी आली हो, एक दिवस इकडेतिकडे नाही.)

एवढे घरचे शब्द असताना नंबर हवाच कशाला होता? पण गंमत बघा. आपण इंग्रजांचे सगळे अर्थ घेतलेच नाहीत. क्रमांक तेवढा उचलला आणि त्यावर आपले कलम केले. 'पोरीचा नर्सिंगला नंबर लागला' हे एखाद्या इंग्रजाला सांगून बघा, त्याला काही कळणार नाही. 'डोळ्यांना नंबर लागला' तर मुळीच नाही. एखादा माणूस 'नंबरी' आहे म्हणजे बेरकी आहे, हेही आपलं आणि हिंदीवाल्यांचं. आणि आमच्याकडे वाडीवस्तीवरच्या बायका तर त्याला इंग्रजी म्हणून ओळखतही नाहीत. त्यांच्या तोंडी तो 'लंबर'. 'बाय, माझा लंबर कवा येनार?' हे ऐकलं की वाटतं, हा शब्द आता परत द्यायचा म्हटलं तरी इंग्रज घेणार नाहीत!

नंबर बायकांमध्ये इतका रुळला त्याला माझ्या मते एक कारण आहे, आणि ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. रांगेत आपली वेळ आली यासाठी मराठीत चांगला जुना शब्द होता, पाळी. 'आता कुणाची पाळी?' 'माझी पाळी आली.' पण हाच शब्द महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी पक्का झाला आणि मग भर नळावर, पुरुषांच्या देखत, 'माझी पाळी आहे' असं म्हणायची कुणाची टाप? पोरी खुदकन हसणार, सासू डोळे वटारणार. नंबरने ही पंचाईत सोडवली. आता शाळेतल्या मुलींशी पॅडबद्दल बोलायला आम्ही जातो तेव्हा पाळी हा शब्द मोठ्याने उच्चारायला लावतो. पहिल्यांदा सगळ्या खाली बघतात, मग एक बोलते, मग सगळ्याच बोलतात. पण रांगेत मात्र नंबरच. तो काही हटायचा नाही.

नळावरचा नंबर कुणी पाहिला नसेल अशी बाई कोकणात विरळा. एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की टँकर नाहीतर नळ, आणि तिथे माणसांच्या आधी हंडे उभे. हंडा नसेल तर कळशी, कळशी नसेल तर दगड. रेशनवर चपला. माझा दगड, तुझी चप्पल, आणि तो दगड आमका बाईचा आहे हे सगळ्यांना तोंडपाठ. कोणी सरकवला तर भांडण वर्षभर पुरतं.

घरातले नंबर आपण रोज हाताळतो, पण त्यांचा अर्थ बघत नाही. बांगडीचंच घ्या. कासारणीला आपण सांगतो 'दोन-सहा द्या' किंवा 'दोन-चार'. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि एका इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले चार, म्हणजे बांगडीची आतली रुंदी सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. कासारीण मात्र हात नुसता दाबून सांगते, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नाही. दोऱ्याचा, सुताचा नंबर उलटा चालतो, नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. सोन्यावरचा ९१६ हा बावीस कॅरेटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्या जोडीला सहा अक्षर-आकड्यांचा शिक्का दागिन्यावर असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गॅस सिलिंडरच्या मानेवर आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते मात्र प्रत्येकीने बघायलाच हवं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. डी-२७ असेल तर २०२७च्या डिसेंबरपर्यंत त्या टाकीची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी दारात आली तर परत पाठवा, अगदी स्वयंपाक खोळंबला तरी.

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना आणखी एक नंबर लहानपणापासून माहीत असतो, बावट्याचा. 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की भरडखोलच्या, दिघीच्या घराघरांतून बायका दाराशी येऊन समुद्राकडे बघतात. बंदरावर लावायचे हे धोक्याचे इशारे एक ते अकरा असे आहेत. एक आणि दोन लांबच्या समुद्रातल्या वादळासाठी. तीन म्हणजे बंदराला सावधगिरीचा इशारा, वाऱ्याचा जोर होणार. मग वाढत वाढत दहापर्यंत महासंकट. आणि अकरा नंबर? मला वाटायचं त्याहूनही मोठं वादळ. तर तसं नाही. अकरा नंबरचा अर्थ हवामान खात्याशी असलेला संपर्कच तुटला. पुढे काय येतंय हे सांगणारं कुणी उरलं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या भागाने हा अकरा नंबर भोगला. दुपारी वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत दिवेआगर, श्रीवर्धन, बोर्ली या पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणून ज्या झाडांचं नाव, ती काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडलेली. घरांवरचे पत्रे, कौलं उडाली. खांब कोसळले, लाइट गेली ती गेलीच. मोबाइलचे टॉवर बंद. मुंबईला, पुण्याला, आखातात असलेली मुलं रात्रंदिवस नंबर फिरवत होती आणि इकडे फोनच नव्हता. लॉकडाऊन होता, येणार तरी कसे?

त्यानंतर पंचनामे सुरू झाले आणि तिथे वेगळाच नंबर पुढे आला. 'काकू, सर्व्हे नंबर सांगा. हिस्सा नंबर सांगा. खाते नंबर सांगा.' ज्या बाईने लग्न झाल्यापासून त्या वाडीला शिंपणं केलं, पडलेल्या सुपाऱ्या वेचल्या, सोलल्या, वाळवल्या, तिला प्रत्येक माड आणि पोफळ ओळखीची. कुठली कधी लावली, कुठली कधी पहिल्यांदा धरली, सगळं ठाऊक. पण सर्व्हे नंबर? तो ह्यांना माहीत. हे गेलेले असतील तर मुंबईच्या दिरांना. सातबारावर नाव पाहावं तर सासऱ्यांच्या वडिलांचं, नाहीतर पाच भावांचं, आणि बाईचं नाव कुठेच नाही. भरपाई नावावर आणि खाते नंबरावर मिळते, वेचलेल्या सुपाऱ्यांवर मिळत नाही.

सातबारा हे नावच मुळी दोन नंबरांचं आहे. तलाठ्याच्या दप्तरात गावनमुने असतात, त्यातला सात नंबरचा नमुना जमीन कुणाची ते सांगतो आणि बारा नंबरचा तिच्यात पीक काय ते सांगतो. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. सहा नंबरचा नमुना म्हणजे फेरफार, आणि माझ्या मते बायकांनी बघायचा तो हाच. वडील गेले, वारसांची नोंद घालायची झाली की ती आधी फेरफारात येते, संबंधितांना नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हे पंधरा दिवस बहिणी सासरी असतात आणि नोटीस माहेरच्या दारावर! किंवा दिवाळीला भाऊबीजेच्या ताटाबरोबर हक्कसोडीचा कागद पुढे येतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आमच्या मुस्लिम मैत्रिणींचा वारशाचा कायदा वेगळा, त्यात मुलीचा हिस्सा आधीपासून ठरलेला आहे. पण कागदावर नाव यायचं तर त्यांनाही सर्व्हे नंबर लागतोच. भावाला माया म्हणून सोडायचं असेल तर खुशाल सोडा, मी कोण सांगणार? फक्त काय सोडतोय त्याचा नंबर तरी वाचून सोडा.

पोलीस आणि कोर्टाचे नंबर ही आणखी एक भाषा. फसवणाऱ्याला आपण चारशेवीस म्हणतो, ते भारतीय दंडविधानाच्या ४२० कलमावरून. तो कायदा १८६० चा. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं. पण नवऱ्याला 'तीनशेअठरा आहे मेला' म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही! सासरच्या छळाचं ४९८-अ कलम, १९८३ मध्ये आलेलं, खेड्यातल्या बायकांनाही नंबरानेच माहीत झालं होतं. 'चारशेअठ्ठ्याण्णव टाकली' असं बोललं जायचं. त्याचा नवा नंबर ८५. अजून तो कुणाच्या जिभेवर बसलेला नाही, पण बसायला हवा.

या कामात एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. मार खाऊन आलेली बाई पोलीस ठाण्यात जाऊन येते आणि घडी घातलेला कागद दाखवून म्हणते, 'ताई, केस केली, नंबर दिलाय.' कागद उघडावा तर तो असतो एनसीचा, अदखलपात्र गुन्ह्याचा. एनसी म्हणजे नोंद झाली, एवढंच. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. गुन्हा दाखल झाला तर कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं लिहिलेली असतात आणि त्याची प्रत तक्रार करणारीला फुकट द्यावी लागते. दोन्ही कागदांवर नंबर आहे, दोन्हींवर शिक्का आहे, आणि त्या बिचारीला दोन्ही सारखेच. महिना महिना ती वाट बघत बसते की पोलीस आता काहीतरी करतील.

आणि एक नंबर असा आहे जो नसल्यासारखा असतो, शून्य. ज्या हद्दीत गुन्हा घडला तिथेच जा, असं सांगून बाईला परत पाठवायचं कारण नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य नंबरने गुन्हा नोंदवता येतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कायद्यातच लिहिलं आहे. छळाला कंटाळून मुंबईहून माहेरी आलेल्या मुलीने माहेरच्या गावातून तक्रार करावी, तिथे खटला चालू शकतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच मान्य केलंय. लगेच मदत हवी तर ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, अॅम्ब्युलन्सला १०८, मोबाइलवरून पैसे लुबाडले तर १९३०. हे नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आतून का, ते काहींना सांगावं लागणार नाही.

आता ज्याला आपण सगळ्यात आधी नंबर म्हणतो त्याच्याकडे येते, फोनचा. माझ्या लहानपणी माणगावला आमच्या आळीत फोन एकाच घरी होता. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर नंबर छापायचा तर तोच छापायचा आणि पुढे कंसात पी.पी. ट्रंक कॉलच्या भाषेत पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन, अमक्याच माणसाला बोलवा. शेजारच्यांच्या नंबरावर फोन यायचा, त्यांचा मुलगा धावत हाक मारायला यायचा, आणि मग शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या सगळ्या कुटुंबादेखत आपण बोलायचं. काय बोलणार? 'हो. बरं. कळवते.' सुखदुःखाची गोष्ट त्या फोनवर कधी झालीच नाही. पुढे एसटीडी बूथ आले, मग घरोघरी लँडलाइन, मग मोबाइल, आणि पत्रिकेवरून पी.पी. गायब झालं.

गायब झालं असं आपल्याला वाटतं. बचत गटाचे, योजनांचे फॉर्म भरताना मी बघते. नाव बाईचं, फोटो बाईचा, खातं बाईचं आणि मोबाइल नंबरच्या चौकटीत नवऱ्याचा नंबर. नाहीतर मुलाचा, पुतण्याचा. हा पी.पी. नंबरच नाही का? बँकेतून पैसे काढले, भरले, सगळे मेसेज त्याला. आपल्या खात्यात किती आहेत हे आपल्या आधी घरातल्या तीन माणसांना माहीत. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, दरमहा दीड हजार. फॉर्म भरायला झुंबड उडाली. मग २०२५ मध्ये ई-केवायसी आलं आणि आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी जायला लागला. तेव्हा कळलं, आधारला कुठला नंबर जोडलाय हेच पुष्कळजणींना ठाऊक नाही. कुणाचा मुलगा जहाजावर, फोन त्याच्यापाशी. कुणी तो नंबर कधीच सोडून दिलेला. आणि बोटांच्या ठशावर काम भागवावं म्हटलं तर सुपाऱ्या सोलून, कोळंबी सोलून, भांडी घासून बोटांवर रेषा उरल्यात कुठे?

देशातला पहिला आधार नंबर आपल्याच एका बाईला मिळाला, हे लक्षात असू दे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना. बारा आकड्यांचा तो नंबर ना जात सांगत, ना जिल्हा, ना सासर-माहेर. मला ते आवडतं. मोबाइल नंबरचंही तसंच. लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, गाव बदलतं, काही घरांत अजून तांदळाच्या ताटात लिहून नावसुद्धा बदलतात. नंबर मात्र तोच राहू शकतो. २०११ च्या जानेवारीपासून कंपनी बदलली तरी नंबर टिकतो, आणि जुलै २०१५ पासून तो राज्य बदललं तरी टिकतो. तरी नव्या नवरीला सासरी आल्यावर पहिल्यांदा काय मिळतं? नवं सिमकार्ड. नवऱ्याच्या नावावरचं. फॅमिली प्लॅन स्वस्त पडतो म्हणे! जुना नंबर मग रिचार्ज न करता मरून जातो, त्याबरोबर मैत्रिणीही जातात. आणि बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. बँकेत तो तसाच राहिला असेल तर तुमचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाला जातील.

सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. उद्या वाजलं तर तो माणूस दुकानात जाऊन हरवल्याचं सांगून दुसरं सिम काढू शकतो, आणि तुमच्या हातातला फोन त्या क्षणी मुका होतो. हे मी एका घरात होताना पाहिलंय. म्हणून गटात नवीन बाई आली की मी आधी विचारते, सिम कुणाच्या नावावर? केंद्र सरकारच्या संचार साथी या साइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघता येतं. बघितलं की दोन प्रकारची तोंडं होतात. एक, 'अगंबाई, माझ्या नावावर एकही नाही?' आणि दुसरी, 'हे चार कुणाचे?'

नवऱ्यांचा राग येतो का? काहींना येतो. 'तुला वेगळा नंबर कशाला, माझा आहे ना' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता म्हण म्हणून छापायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर अडवणारे थोडे. बरेचसे नुसते कंटाळा करतात, आणि आपणही करतो. एक दिवस काढून बँकेत जायचं, आधार केंद्रावर रांग लावायची (तिथेही नंबरच!), हे काम पुढच्या सोमवारवर जातं आणि पुढचा सोमवार येत नाही. या वर्षी आम्ही गटाच्या वहीत नावापुढे एक रकाना वाढवलाय, 'स्वतःचा नंबर'. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तिथे रेघ मारायची. नवऱ्याचा लिहायचा नाही. पहिल्या महिन्यात रेघा पुष्कळ होत्या. आता कमी होतायत, पण आहेत.

नंबर मिळाला तरी तो तोंडाने सांगायचा ही पुन्हा निराळी परीक्षा. आपण सगळे फोन नंबर इंग्रजीत सांगतो. 'नाइन एट, डबल टू, ट्रिपल झिरो.' मराठीत सांगायला गेलं की समोरचा गडबडतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! अभ्यास मंडळाच्या प्रमुख मंगला नारळीकर, गणिताच्या जाणकार बाई, समजावून सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरांचे आकडे अवघड जातात. लोकांनी टिंगल केली. तेच लोक फोन नंबर सांगताना 'एकोणऐंशी' म्हणत नाहीत, 'सेव्हन नाइन' म्हणतात.

आमच्या गटात साठी उलटलेल्या एक काकू आहेत. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी आकडे येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या नावावर सिम घेतलं आणि नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून पाठ केला, पाढे म्हणावेत तसा. त्यांच्याबरोबर मी बँकेत गेले होते. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, 'मोबाइल नंबर?' त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका दमात सुरुवात केली. मुलगा पहिल्या जोडीपर्यंत आला आणि मान वर करून म्हणाला, 'एकोणऐंशी म्हणजे कितीऽऽ?'

'सात नि नऊ,' काकू म्हणाल्या. 'लिही. पुढचा सांगते.'